टर्बो बसवण्याआधी हिशेब मांडा
(आंबिवली येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय भाताच्या भावाचा नाही, कर्जाचाही नाही. विषय आहे पिकअपच्या बॉनेटखालचा. कोणी म्हणेल, हे गॅरेजवाल्याचे काम, बैठकीत कशाला? बैठकीत अशासाठी की, माल शेताच्या बांधावरून निघाला की बाजारात उतरेपर्यंत त्याच्यावर जो जो खर्च पडतो, तो शेवटी शेतकऱ्याच्याच पट्टीतून वजा होतो. भाडे देणारा शेतकरी असो की स्वतःची गाडी चालवणारा त्याचा मुलगा असो, पैसा एकाच खिशातून जातो.

कल्याण, मुरबाड, शहापूर या तालुक्यांतल्या बऱ्याच पोरांनी जुनी पिकअप घेऊन माल वाहायला सुरुवात केली आहे. नवी गाडी परवडत नाही, म्हणून आठ-दहा वर्षे वापरलेली घेतात. मग माळशेजला किंवा कसाऱ्याला गाडी रडते. कोणीतरी सांगतो, "टर्बो बसवून घे, गाडी उडेल." पोरगा विचारतो, बसवू का? माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. ज्या इंजिनाला कारखान्यातून टर्बो आलेला नाही, त्याला बाहेरून बसवू नये. पण नुसते "नको" म्हणून मी खाली बसणार नाही. का नको, याचा हिशेब तुमच्यासमोर मांडतो. पटला तर घ्या.

टर्बो करतो काय?

डिझेल एकटे जळत नाही, त्याला हवा लागते. एक लिटर डिझेल पुरते जळायला सुमारे १२ किलो हवा लागते, म्हणजे जवळपास १०,००० लिटर. उन्हाळ्यात गावात पाण्याचा मोठा टँकर येतो ना, तो भरून हवा एका लिटर डिझेलला! साधे इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढेल तेवढीवरच भागवते. ताकद वाढवायची म्हणून मिस्त्रीने पंपाचा स्क्रू पिळून नुसते डिझेल वाढवले, तर हवा पुरत नाही. अर्धवट जळालेले डिझेल काळा धूर होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडते. तो धूर म्हणजे तुमच्या खिशातले पैसे.

दुसरी गोष्ट. डिझेलमधल्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा गाडी ओढायला मिळतो. दुसरा तिसरा हिस्सा रेडिएटर आणि इंजिनाच्या अंगातून जातो. उरलेला गरम धुराबरोबर निघून जातो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या इंजिनिअरने १९०५ साली या वाया जाणाऱ्या धुराला कामाला लावायच्या कल्पनेचे पेटंट घेतले. धुराच्या वाटेवर एक पंखा बसवायचा. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला, हवेच्या वाटेवर, दुसरा पंखा. धूर पहिल्याला फिरवतो, दुसरा हवा दाबून इंजिनात भरतो. हाच टर्बो. मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. कल्पना झकास आहे, यात वाद नाही.

तिचा मोठा उपयोग सुरुवातीला झाला तो उंचीवर. वर हवा विरळ होते, विमानाचे इंजिन दमते. म्हणून १९१८ साली अमेरिकेत पाइक्स पीक नावाच्या सुमारे ४,३०० मीटर उंच डोंगरावर विमानाचे इंजिन नेऊन टर्बोची चाचणी घेतली. आपला माळशेजचा माथा त्याच्या पाव उंचीचाही नाही. तिथे हवा फार तर सात-आठ टक्क्यांनी विरळ असेल. तेव्हा गाडी माळशेजला रडते ती हवा विरळ म्हणून नव्हे. कारण दुसरीकडे शोधायला हवे.

दाबलेली हवा फुकट नसते

सायकलला हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. हवा दाबली की तापते. बाहेर ३५ अंश असेल आणि टर्बोने दाब दीडपट केला, तर इंजिनात शिरणारी हवा ८०-९० अंशांपर्यंत जाते. कारखान्यात टर्बोची गाडी बनते तेव्हा ही हवा थंड करायला पुढे इंटरकूलर बसवतात. पिस्टन दाब सोसणारे घेतात, पिस्टनच्या पोटावर खालून ऑइलची धार मारायची सोय करतात. इंजिन हवा किती पट दाबणार, तो आकडा कमी ठेवतात. हेड गॅस्केट, ऑइल पंप, रेडिएटर, क्लच, सगळे त्या हिशेबाने असते.

आता तुमच्या जुन्या इंजिनाकडे बघा. ते साध्या हवेच्या हिशेबाने घडवलेले आहे. त्याच्यावर बाहेरून टर्बो चढवला आणि पंपातून डिझेल वाढवले, तर ताकद वाढेल, खोटे नाही. पण तो दाब सोसायचा कोणी? दोन लाख किलोमीटर चाललेल्या पिस्टनने, पातळ झालेल्या गॅस्केटने, झिजलेल्या क्लचप्लेटने. म्हाताऱ्या बैलाला पराणी टोचली तर तो चार पावले जोरात टाकतो, पण म्हणून त्याच्या अंगात नवे रक्त येत नाही. आणि डिझेल न वाढवता नुसता टर्बो बसवला, तर धूर कमी होईल, ताकद मात्र नावालाच वाढेल. एवढ्यासाठी खर्च कोण करतो?

घाटातली सात मिनिटे

आता मिळकतीची बाजू. गाडी आणि माल मिळून ३ टन धरा. पंधरा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, असा चढ धरा. ताशी ३० किलोमीटर वेगाने तो चढायला साधारण ३० अश्वशक्ती लागते. ६० अश्वशक्तीचे इंजिन तब्येतीने ठीक असेल, तर खालच्या गिअरमध्ये हे काम आरामात करते. ताशी ४५ ने चढायचे असेल तर सुमारे ४५ अश्वशक्ती लागेल. चढ १० किलोमीटरचा धरला, तर ३० च्या वेगाने २० मिनिटे लागतात, ४५ च्या वेगाने १३ मिनिटे. वाचली किती? सात मिनिटे. आणि बाजार समितीच्या दारात गाडी खाली होईपर्यंत किती वेळ उभे राहता? ते तासांत मोजावे लागते. सात मिनिटांसाठी इंजिन पणाला लावायचे आणि दारातले तास तसेच ठेवायचे, हा कुठला हिशेब?

पुढे ऐका. जुन्नर-ओतूरचा टोमॅटो आणि भाजी कल्याणला येते, नाशिकचा कांदा इकडे येतो, तेव्हा भरलेली गाडी घाट चढते की उतरते? उतरते. चढते ती बहुतेक वेळा रिकामी. उतारावर टर्बो काडीचा उपयोगाचा नाही. तिथे ब्रेक लागतो, चांगले टायर लागतात, आणि खालच्या गिअरमध्ये गाडी धरून ठेवणारा शहाणा ड्रायव्हर लागतो. टर्बोसाठी जमवलेला पैसा आधी ब्रेकच्या लायनरवर घातला, तर पोरगा रात्री घरी सुखरूप येईल.

जादा मालाचा मोह

मी विचारतो, टर्बो कशाला हवा? शेवटी खरे उत्तर येते: "चार क्रेट जास्त टाकता येतील." इथेच सगळी मेख आहे. आर.सी. बुकात लिहिलेले वजन नुसत्या इंजिनावर ठरत नाही. ॲक्सल, पाटे, टायर, ब्रेक या सगळ्यांचा तो हिशेब असतो. टर्बोने तो आकडा एका किलोनेही वाढत नाही.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की, कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,०००. आणि गाडीला अपघात झालाच, तर विम्याची कंपनी आधी बॉनेट उघडून बघेल. तिच्या हाती आयते कारण देऊ नका.

आंबिवलीच्या रुळावरून नाशिककडे गाड्या जातात. कसाऱ्यापुढचा थळ घाट ३७ मीटरला एक मीटर चढाचा. तिथे रेल्वेने काय केले? एकाच इंजिनाची छाती फोडली नाही. वर्षानुवर्षे कसाऱ्याला गाडीला जादा बँकर इंजिने जोडली आणि इगतपुरीला सोडवून घेतली. आपल्या आजोबांनीही घाटात बैलगाडीला जादा जोडी लावली. वजन जास्त असेल तर एक खेप जास्त करा, किंवा चौघांनी मिळून मोठी गाडी ठरवा. शहाणपण जुनेच आहे.

मग करायचे काय?

गाडी रडते तर आधी रोग शोधा. एअर फिल्टर काढून बघा. धुळीने गच्च झाला असेल तर इंजिनाचे नाक दाबलेले आहे. नोझल तपासून घ्या, पंपाचे टायमिंग बघा, व्हॉल्व्हचे अंतर लावून घ्या. चारही चाके जॅकवर उचलून हाताने फिरवा. ब्रेक धरून बसला असेल तर इंजिन दिवसभर त्याच्याशीच भांडते आहे. टायरची हवा बघा. क्लच घसरतो का बघा. शेवटी कॉम्प्रेशन मोजून घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. तिथे टर्बो नव्हे, इंजिनचे काम काढावे लागेल. एवढे करून बहुतेक गाड्यांची गेलेली ताकद परत मिळते.

तरीही जादा ताकद हवीच असेल, रोजचा भरला माल घाट चढून न्यायचा असेल, तर कारखान्यातून टर्बोसकट आलेली गाडी बघा. वापरलेली चालेल. आज मोठ्या डिझेल पिकअप टर्बोच्याच येतात.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे, त्यांना तीन गोष्टी सांगतो. एक, टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. सकाळी सुरू करताच रेस करू नका, अर्धा मिनिट थांबा. दोन, घाट चढून माथ्यावर चहाला थांबलात की लगेच चावी फिरवू नका. इंजिन बंद झाले की ऑइल थांबते, पण टर्बो तापलेलाच असतो. आतले ऑइल जळून कोळसा होतो. दोन मिनिटे इंजिन नुसते चालू ठेवा, मग बंद करा. तीन, ऑइल आणि फिल्टर पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच बदला. दांड्याच्या त्या फेऱ्यांना खडा सोडाच, धुळीचा कणही सोसत नाही.

भावांनो, नव्या यंत्राला घाबरणारे आपण नाही. शेतकऱ्याला चांगले यंत्र मिळालेच पाहिजे. पण बियाणे घेताना आपण विचारतो, माझ्या जमिनीला ते मानवेल का? यंत्राच्या बाबतीतही तोच प्रश्न विचारा. आज घरी गेलात की वहीत चार ओळी लिहा: खर्च किती, वेळ किती वाचला, माल किती जास्त गेला, बिघडले तर काय जाईल. चौथी ओळ पहिल्या तिघींपेक्षा मोठी निघाली, तर मिस्त्रीला नमस्कार करा आणि गाडी घेऊन परत या.