रिकाम्या जागेचा फोटो

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या गच्चीवर झालेले भाषण)



सचिव म्हणाले, "भाऊ, तुमच्या त्या जुन्या कॅमेऱ्याबद्दल बोला." कॅमेरा सोबतच आणला आहे. जेवणं झाली की प्रत्येकानं हातात घेऊन बघा. याला दोन भिंगं आहेत. वरच्यातून आपण बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. बघायचं ते मान खाली घालून, त्यामुळे समोरच्याला वाटतं हा आपल्याला नमस्कारच करतोय! वर काचेवर चित्र दिसतं तेही डावं-उजवं उलटं.

यात १२० नंबरची फिल्म लागते. कोडॅकनं ती १९०१ साली आणली आणि ती आजही मिळते. एका रोलवर चौकोनी फोटो फक्त १२. एक निगेटिव्ह साधारण ५६ मिलिमीटर लांब आणि तेवढीच रुंद. आपल्या लग्नाच्या अल्बमसोबत ज्या ३५ मिलिमीटरच्या पट्ट्या पडून असतात, त्यातल्या एका निगेटिव्हच्या साडेतीनपटीहून जास्त जागा हिच्यात असते. म्हणून फोटो भिंतीएवढा केला तरी गवताची काडी न् काडी वेगळी दिसते. होमाई व्यारावाला यांच्या हातातही असाच दोन भिंगांचा रोलिफ्लेक्स असे.

नागपूरचा माणूस कॅमेरा घेऊन निघाला की लोक एकच विचारतात, "वाघ दिसला का?" मी वाघासाठी जात नाही. मी माळरान काढतो आणि त्यावर दाटून आलेलं आभाळ. एकदा आर्वीकडच्या माळावर एका गुराख्यानं विचारलं, "काय फोटू काढून राह्यले, भाऊ? इथं तं काहीच नाही." मग बसला बाजूला आणि त्यानंच अर्धा तास सांगितलं. हा कुंदा, हा पवन्या, ही कुसळी. टिटवीची अंडी कुठं आहेत, ढग कोणत्या बाजूनं चढला की पाऊस येतो आणि कोणत्या बाजूचा नुसता गरजून जातो. 'काहीच नाही' म्हणणाऱ्याजवळ सांगायला इतकं होतं!

सरकारी कागदांत अशा जमिनीची नोंद अनेकदा 'पडीक' अशी होते. पण वर्धा-आर्वीकडच्या नंदगवळ्यांनी आपली गवळाऊ गाय याच गवतावर सांभाळली. नांगर लागत नाही म्हणून जमीन वाया गेली असं नसतं. पण पडीक म्हटलं की तिच्याकडे बघणारा कोणी नाही, आणि ती गेली तरी कोणाला कळत नाही.

आता थोडं कामाचं. काळी जमीन उजेड पिऊन घेते आणि आभाळ लखलखीत असतं. दोन्ही एका फोटोत कशी बसवायची? निगेटिव्ह फिल्मला उजेड थोडा जास्त झाला तर चालतो, कमी झालेला चालत नाही. म्हणून उजेड जमिनीचा मोजायचा. नंतर प्रिंट करताना जमीन हातानं झाकून आभाळाला जास्त वेळ उजेड द्यायचा, की ढगांच्या घड्या उमटतात. निळ्या आभाळात पांढरे ढग असतील तर पिवळी काच लावायची, निळा रंग गडद होतो. आणि सगळ्यात चांगली वेळ म्हणजे संध्याकाळी ऊन पश्चिमेकडून गवतावर आणि काळा ढग पूर्वेला. हा उजेड काही मिनिटंच टिकतो. १२ फोटो असतात म्हणून आधी बघत उभं राहावं लागतं. माझ्या मते कॅमेऱ्याचा मोठा उपयोग तोच.

फिल्म धुवायचं औषध साधारण २० अंशांवर लागतं. मे महिन्यात आपल्या टाकीचं पाणी कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडे तेव्हा सरबतापेक्षा निगेटिव्हला जास्त बर्फ लागतो, ही घरच्यांची तक्रार अगदी खरी आहे.

मुलांनो, एक मात्र लक्षात ठेवा. मोकळ्या माळावर सगळ्यात उंच वस्तू आपणच असतो. वीज चमकल्यावर आकडे मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात. ३० मोजायच्या आत गडगडलं तर फोटो राहू द्या आणि घरात नाहीतर बंद गाडीत जा. झाडाखाली थांबायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. गच्चीलाही हाच नियम. आपल्या विदर्भात दरवर्षी शेतात वीज पडून माणसं जातात. कोणताही फोटो तेवढा मोलाचा नाही.

शेवटी आपल्या घरची गोष्ट. सोसायटी नवी होती तेव्हा या गच्चीवरून वाठोड्याच्या बाजूला मोकळी जमीन दिसायची. पावसाची सर चालत येताना दिसायची, दोरीवरचे कपडे काढायला वेळ मिळायचा. आज समोर भिंती आहेत. घरं माणसांसाठीच झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण या स्मरणिकेसाठी मी घरोघरी विचारलं, त्या मोकळ्या जागेचा फोटो आहे का? बारशाचे निघाले, वास्तुशांतीचे निघाले, नव्या स्कूटरच्या पूजेचे निघाले. मागे कोपऱ्यात दोन बोटं आभाळ. बस. त्या जागेचा म्हणून काढलेला फोटो पंचवीस वर्षांत एकही नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवतो. दरवर्षी मृग लागला की गच्चीच्या चारही बाजूंनी एक रोल काढायचा, बाजूला तीन फोटो, हिशेब बरोबर १२. निगेटिव्ह सभासद रजिस्टरच्या कपाटात, ओल लागणार नाही अशा ठेवायच्या. मोबाइलनंही काढा, जरूर काढा. पण मोबाइल बदलतात आणि त्यांतले फोटो हरवतात. निगेटिव्ह मात्र पन्नास वर्षांनीसुद्धा खिडकीशी धरली की दिसते. फिल्म आणि धुण्याचा खर्च माझ्याकडे. मला फक्त दोन-तीन मुलं हवी आहेत, कारण पुढची पंचवीस वर्षं हे काम त्यांनाच करायचं आहे. नावं सचिवांकडे द्या.