विधेयक कायदा कसे होते, आणि आपण कुठे बोलायचे?

(भंडारा येथे तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही. तरी आज कायद्यावर बोलणार आहे. कारण साधे आहे. एखादा कायदा मंजूर झाला की दुसऱ्या दिवशी आपले मोबाइल संदेशांनी भरून जातात. तोच कायदा तयार होत असताना मात्र त्याचा मसुदा उघडून पाहणारे आपल्यात फार थोडे असतात.

आधी रचना पाहू. संसद म्हणजे राष्ट्रपती, लोकसभा आणि राज्यसभा. लोकसभेच्या ५४३ जागांपैकी ४८ महाराष्ट्राच्या, आणि त्यांतली एक आपली भंडारा-गोंदिया. हा खासदार आपण थेट निवडतो. राज्यसभेतले महाराष्ट्राचे १९ सदस्य आमदार निवडतात. म्हणजे तुमसर, भंडारा किंवा साकोलीचा आमदार निवडताना आपण राज्यसभेलाही हातभार लावत असतो.

दोन सभागृहे असण्याचा अर्थ भंडाऱ्याला वेगळा सांगायला नको. १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. पण १९५२ पासून ते राज्यसभेचे सदस्य होते आणि अखेरपर्यंत राहिले. इथे पराभव झाला, तरी संसदेतला त्यांचा आवाज बंद झाला नाही.

आता विधेयकाचा प्रवास. मंत्री सभागृहात विधेयक मांडतात. मग त्यावर चर्चा होते, एकेक कलम आणि त्यावरच्या दुरुस्त्या मतास टाकल्या जातात आणि शेवटी संपूर्ण विधेयकावर मतदान होते. दुसऱ्या सभागृहात हेच पुन्हा. धन विधेयक असेल तर राज्यसभेला १४ दिवसांत ते परत करावे लागते, तिच्या शिफारशी लोकसभेवर बंधनकारक नसतात. त्यानंतर राष्ट्रपतींची संमती, मग राजपत्रात प्रसिद्धी. पुढे सरकार नियम करते, आणि कायदा प्रत्यक्षात कसा चालणार हे बरेचसे त्या नियमांत ठरते.

या प्रवासात सभागृह विधेयक समितीकडे पाठवू शकते. समितीत वेगवेगळ्या पक्षांचे खासदार असतात. ते तज्ज्ञांना बोलावतात, लोकांकडून लेखी निवेदने मागवतात. सामान्य माणसाचा कागद संसदेत पोहोचण्याची ही सर्वांत जवळची जागा.

उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. वक्फ दुरुस्ती विधेयक ८ ऑगस्ट २०२४ रोजी लोकसभेत मांडले गेले आणि ३१ सदस्यांच्या संयुक्त समितीकडे गेले. समितीकडे ९७ लाखांहून अधिक निवेदने आली. विरोधी सदस्यांच्या दुरुस्त्या बहुमताने फेटाळल्या गेल्या, ही गोष्ट खरी. पण एक बदल लक्षात ठेवा. वर्षानुवर्षांच्या वापरामुळे वक्फ मानल्या गेलेल्या जागांची तरतूद मूळ विधेयकात सरसकट काढली होती. समितीनंतर, आधीच नोंदणी झालेल्या अशा जागांना संरक्षण मिळाले. मात्र जागा वादात असेल किंवा सरकारी मालकीची असेल तर ते संरक्षण नाही. एप्रिल २०२५ मध्ये लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ आणि राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५ मतांनी विधेयक मंजूर झाले. ५ एप्रिलला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पुढे १५ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली. तुम्ही कायद्याच्या बाजूचे असा वा विरोधातले, आपल्या गावच्या कब्रस्तानाची नोंद आहे की नाही, हा प्रश्न त्या एका ओळीने किती महत्त्वाचा केला ते पाहा.

आता माझ्या क्षेत्रातले उदाहरण. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये आले आणि संयुक्त समितीकडे गेले. समितीने दोन वर्षे काम करून ८१ दुरुस्त्या सुचवल्या. सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये ते विधेयक मागे घेतले. नवे विधेयक ३ ऑगस्ट २०२३ रोजी मांडले गेले, ७ ला लोकसभेत आणि ९ ला राज्यसभेत मंजूर झाले. समितीकडे ते गेलेच नाही. त्याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातले वैयक्तिक माहितीविषयीचे कलमही बदलले. रेशनच्या यादीपासून रस्त्याच्या कंत्राटापर्यंत माहिती मागणाऱ्या प्रत्येकाशी त्याचा संबंध आहे.

आमच्या कामात कोड लिहिणारा एकटाच तो पुढे सोडत नाही, दुसरा कुणीतरी ओळ न् ओळ तपासतो. संसदेत ते काम समिती करते. पण सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्केच विधेयके समितीकडे गेली. म्हणून पहिली मागणी हीच असली पाहिजे, की महत्त्वाचे विधेयक समितीकडे पाठवा. ही मागणी कोणत्याही एका धर्माची किंवा पक्षाची नाही.

तुम्ही काय करू शकता? मांडलेली विधेयके संसद डॉट इन या संकेतस्थळावर असतात. शेवटी जोडलेले उद्देश आणि कारणांचे निवेदन वाचा. जुने कलम आणि नवे कलम शेजारी ठेवून वाचा. समितीने निवेदने मागवली की मुदत संपण्याआधी पाठवा, आणि तयार मजकूर पुढे ढकलू नका. हजार जणांचा एकच मजकूर हा शेवटी एकच मुद्दा असतो. कलमाचा क्रमांक लिहा, आपल्या गावात त्याने काय होईल ते लिहा, आणि कोणता शब्द बदलावा ते सांगा. प्रत खासदारांना द्या, पोच घ्या. ते सभागृहात कसे बोलले, मतदानाला हजर होते का, हे पुढच्या वेळी विचारा.

सगळे ऐकले जाईल याची हमी नाही. पण कायदा झाल्यावर न्यायालयात जायला वकील, पैसा आणि वर्षे लागतात. समितीला निवेदन पाठवायला दोन पाने आणि एक संध्याकाळ पुरते. तेवढी संध्याकाळ आपण काढू शकतो.