जुन्या गाडीला नवी चाके
(मंडळाच्या वर्धापनदिनी डोंगरकडा येथे केलेले भाषण)



"काहीतरी उपयोगाचे बोला," असे चिटणीसबाईंनी मला बजावले आहे. पाकक्रिया आणि भरतकाम यांवर माझ्याहून अधिकाराने बोलणाऱ्या पुष्कळजणी समोर बसल्या आहेत, तेव्हा मी मोटारीच्या चाकांवर बोलणार आहे. हसू नका. कित्येकींच्या दारात जुनी मारुती आठशे उभी आहे, आणि अपरात्री लेकी-सुनांना घेऊन नांदेडचा दवाखाना गाठायचा तो तिच्यातूनच.

चाके बदलणे आपल्या गावांना काही नवे नाही. लाकडी चाकाची बैलगाडी आपल्या सासूबाईंनी पाहिली: तुंबा, आरे, आणि लोहाराने तापवून चढवलेली लोखंडी धाव. पुढे रबरी टायरची गाडी आली. परंतु जुन्याच आसाला कोणी टायर ठोकला नाही. नवे चाक लहान व रुंद, म्हणून आस बदलला, बेअरिंग आली, साट्याची उंची पाहावी लागली. हे शहाणपण मोटारीच्या बाबतीत मात्र आपण गुंडाळून ठेवतो.

मारुती आठशे १९८३ साली रस्त्यावर आली आणि २०१४ साली कारखान्यातून निघायची थांबली. म्हणजे तिची सर्वांत धाकटी बहीणसुद्धा आता दहा वर्षांपुढची. अशा गाडीला मोठी, रुंद, चकचकीत चाके बसवण्याची हल्ली तरुणांना भारी हौस. आमच्या चिरंजीवांनाही ती झाली. दुकानदार म्हणाला, "काही होत नाही, बसतात." मी म्हटले, बसतात खरी, पण आधी हिशेब करू.

टायरच्या कडेला आकडे असतात. आमच्या गाडीवर होते १४५/७० आर १२. १४५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे टायरची उंची त्या रुंदीच्या शेकडा सत्तर. आर हे अक्षर रेडियल जातीचे. आणि १२ हा आतल्या लोखंडी चाकाचा व्यास, तो मात्र इंचात! एकाच ओळीत दोन मापे. शिंप्याने असे केले असते तर आपण त्याला दारात उभे केले नसते. गुणाकार-बेरीज केली की सबंध चाकाचा व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर येतो. चिरंजीवांना हवा होता १५५/६५ आर १३. त्याचा येतो ५३२. फरक २४ मिलिमीटरचा, अंगठ्याएवढा. पण चाक एकदा फिरले की गाडी साडेसात सेंटिमीटर जास्त जाते. मग काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी जवळजवळ ६३ ने पळत असते. ७९६ सी.सी.चे ते लहानसे इंजिन, त्याला उचलायला जड, ब्रेकला थांबवायला जड. शिवाय पाच माणसे आणि सामान घेऊन वळण घेताना टायर मडगार्डला घासतो तो वेगळाच.

एवढ्याने भागत नाही. चाक ज्या चार बोल्टांवर बसते, त्यांच्या वर्तुळाचे माप या गाडीत ११४.३ मिलिमीटर आहे. दुसऱ्या गाडीचे १०० चे चाक आणून भोके वाढवून बसवणारे कारागीर भेटतात. त्यांच्यापासून लांब राहा. तसेच चाक बाहेर किती येते तेही पाहावे. भरलेली घागर कंबरेला टेकवून आपण मैलभर नेतो. तीच हात लांब करून धरा, दहा पावलांत खांदा भरून येईल. बाहेर काढलेल्या चाकाने बेअरिंगचे असेच होते.

कायद्याचेही थोडे सांगते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत फेरफारास मनाई करते. आणि टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झिजलेली चालत नाही, म्हणजे तेवढी खोली तरी उरलीच पाहिजे. जुना टायर स्वस्तात मिळाला म्हणून हुरळू नका. कडेवर चार आकडी शिक्का शोधा. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी नव्यासारखी दिसली तरी रबर वयाने कडक होते, चिरते.

आणि स्टेपनी! चार चाके मोठी घेतली, पाचवे जुनेच डिकीत राहिले, असे फार घरी होते. या गाडीची ताकद पुढच्या चाकांकडे जाते. पुढचे एक चाक पंक्चर झाले आणि तिथे लहान स्टेपनी लावली, तर दोन बाजूंची चाके वेगवेगळी फिरू लागतात, आतल्या दातेरी चक्रांवर ताण येतो, ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते. हे अर्धापूरच्या अलीकडे, रात्री दीड वाजता, मागच्या सीटवर कळा देणारी सून असताना कळून काय उपयोग?

आमच्या घरी शेवटी १२ इंचीच टायर आले, पाचही नवे. उरलेल्या पैशांत मागच्या ब्रेकचे लायनर बदलले. चिरंजीव आठ दिवस रुसले होते.

आता चहा येईपर्यंत बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांकडे जाऊ. खडू मी आणला आहे. जिला आपल्या टायरवरचे आकडे वाचता येतील, तिने ते भिंतीवर लिहावेत. हिशेब तिथेच करू.