धूलिकणांची साक्ष



मराठीच्या प्राध्यापकाने तेजोमेघांविषयी का बोलावे, असे आपल्याला वाटले असेल. मला या विषयाकडे एका शब्दाने ओढले. ‘ध्रुवीकरण’ म्हटले की आज समाजातील दुफळी आठवते. भौतिकशास्त्रातील ‘ध्रुवण’ मात्र प्रकाशतरंगांच्या कंपनाला लाभलेली एक दिशा सांगते.

मृगाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आपण ओळखतो. त्याच्याजवळच, सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवर, एका महामेघात तारे जन्मत आहेत. गुरुत्वाकर्षण मेघाला आकसू पाहते. चुंबकीय क्षेत्र त्याला अटकाव करते. ताऱ्यांचा जन्म बऱ्याच अंशी या झुंजीवर अवलंबून असतो.

हे क्षेत्र दिसत नाही; त्याची साक्ष धूलिकण देतात. १९४९ साली हिल्टनर आणि हॉल यांना ताऱ्यांच्या दृश्य प्रकाशात ध्रुवण आढळले. परंतु दाट मेघातून दृश्य प्रकाश बाहेर येत नाही. तेथील थंड धूळ स्वतः जो दीर्घ तरंगलांबीचा प्रकाश टाकते, तोच टिपावा लागतो. लांबट कण क्षेत्राला आडवे राहून फिरतात, म्हणून तो प्रकाश किंचित, बहुधा शेकडा काही भागच, ध्रुवित असतो. ध्रुवणाची दिशा ९० अंशांनी वळवली की आकाशपटलावरील क्षेत्राची दिशा मिळते.

दिशेवरून बळ कसे कळावे? १९५३ साली चंद्रशेखर आणि फर्मी यांनी युक्ती सुचविली. वायूच्या खळबळीने दुबळ्या क्षेत्राच्या रेषा फार विस्कटतात, बलवान क्षेत्राच्या कमी. ही विस्कट, वायूची घनता आणि त्याचा वेग यांवरून बळाचा अंदाज बांधता येतो.

हवेतील बाष्प हे तरंग शोषून घेते, म्हणून दुर्बीण उंचावर हवी. हवाई बेटावरील मौना केआ पर्वतावर, ४,००० मीटरांहून अधिक उंचीवर, १५ मीटर व्यासाची जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुर्बीण आहे. तिने ८५० मायक्रॉन तरंगलांबीवर केलेल्या मापनातून २०१७ साली मृगातील त्या मेघाच्या क्षेत्राचा अंदाज प्रसिद्ध झाला : ६.६ मिलिगाउस. पृथ्वीपृष्ठावरील क्षेत्राच्या तुलनेत हे शेकडा एक-दोन भागच. तरीही त्याची ऊर्जा तेथील गुरुत्वीय ऊर्जेच्या तोडीची ठरली.

त्या आकड्याशेजारी संशोधकांनी अनिश्चितताही छापली : अधिक-उणे ४.७. इतक्या कष्टाने मिळविलेल्या उत्तराची मर्यादा त्यांनी झाकली नाही. आपल्या मुलांच्या प्रयोगवहीतही उत्तराबरोबर ही मर्यादा लिहिली जावी, आणि ती लिहिल्याबद्दल गुण कापले जाऊ नयेत, एवढीच या स्मृतिव्याख्यानाच्या निमित्ताने शिक्षकबंधुभगिनींना माझी विनंती आहे.