आण्णांच्या टेम्पोचं हेड उतरवलं तेव्हा

मागच्या आठवड्यात भाग आला नाही, त्याबद्दल सॉरी. बऱ्याच जणांनी मेसेज केले, "कुठे गायब आहेस?" तर मी गावी होतो, जुन्नर तालुक्यात, आणि माझे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते. आजचा भाग त्याच्यावरच.

आमच्याकडे एक छोटा ट्रक आहे. गावात सगळे त्याला टेम्पोच म्हणतात. जुनं, चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतला. आमचे आणि आजूबाजूच्या चार-पाच घरांचे टोमॅटो त्यातून नारायणगावच्या बाजारात जातात. घर त्या भाड्यावर चालतं. माझा पगार आण्णा घेत नाहीत. त्यावर कधीतरी वेगळा भाग करू.

तर एक दिवस आण्णांचा फोन आला, "गाडी पाणी पितीय रे." रोज रेडिएटरमध्ये दोन लिटर पाणी घालायचं, आणि खाली जमिनीवर एक थेंब नाही. मग पाणी जातंय कुठे?

शनिवारी गेलो. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढलं आणि मग गाडी सुरू केली. हे नीट ऐका, गरम इंजिनचं झाकण कधीच उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. तर आत बुडबुडे येत होते. सायलेन्सरमधून पांढरा धूर, तो इंजिन तापल्यावरही थांबेना. ऑइल भरायच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट थर. तिन्ही खुणा एकच गोष्ट सांगत होत्या. ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये जे गॅस्केट असतं, ते गेलं होतं. त्या एका पातळ पत्र्यावर तीन गोष्टी वेगळ्या ठेवायची जबाबदारी असते: जळणारा गॅस, पाणी आणि ऑइल. ते फाटलं की सगळं एकमेकांत मिसळतं.

गॅरेजमध्ये विचारलं. चाळीस हजार, आणि नंबर पंधरा दिवसांनी. इकडे तोडा तीन आठवड्यांवर. आण्णा म्हणाले, "विकून टाकू." मी म्हणालो, "आपण उघडू." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कंप्युटरवाल्याचं काम नाही ते. बिघडवलंस तर भंगारात जाईल." खरंच होतं ते. पण मी दहा दिवसांची सुट्टी टाकली.

या इंजिनात एक गोष्ट आपल्या बाजूची होती. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आहे आणि व्हॉल्व्ह पुशरॉडने उघडतात. म्हणजे हेड काढलं तरी टायमिंगला हात लागत नाही. तुमच्या इंजिनात कॅमशाफ्ट वर असेल, तर गोष्ट वेगळी आहे, आधी मॅन्युअल वाचा.

बॅटरी सोडली, पाणी काढलं, मॅनिफोल्ड, डिझेलचे पाइप, इंजेक्टर काढले. उघड्या पाइपांची तोंडं लगेच स्वच्छ प्लास्टिकने बांधली, कारण डिझेलच्या सिस्टिमला धुळीचा एक कण पुरतो. प्रत्येक पायरीचा फोटो. पुशरॉड काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात भोकं पाडून नंबराप्रमाणे खोचले. जो जिथला, तो परत तिथेच गेला पाहिजे, कारण ते एकमेकांना घासून जुळलेले असतात. हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करून सैल केले. हेड बिडाचं, एकट्याला उचलणारं नाही. आण्णा तोपर्यंत ओट्यावर बसून नुसते बघत होते. तेव्हा उठले आणि दुसरी बाजू धरली.

गॅस्केट दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये जळलेलं होतं. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून फिलर गेज घातलं, तर मधोमध फट निघाली. हेड तापून वाकलं होतं. ते मशीन शॉपमध्ये नेऊन आधी प्रेशर टेस्ट करून घेतली, कारण तडा असेल तर बाकीचं काम फुकट. तडा नव्हता. मग फेसिंग केलं. फेसिंगनंतर व्हॉल्व्ह हेडमध्ये किती आत बसतात तेही मोजायचं असतं, नाहीतर पिस्टन व्हॉल्व्हला धडकू शकतो.

व्हॉल्व्ह घरीच पेस्ट लावून सीटवर घोटले. मग हेड उलटं ठेवून त्यात रॉकेल ओतलं आणि चहा प्यायलो. परत आलो तेव्हा एक व्हॉल्व्ह गळत होता. तो पुन्हा घोटला.

नवं गॅस्केट आणलं. आण्णांनी जुनं आणि नवं शेजारी धरलं आणि विचारलं, "याला कडेला दोन भोकं, त्याला एकच. असं का?" मी लक्षच दिलं नव्हतं! ती भोकं म्हणजे जाडीची खूण असते. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो, त्यावर जाडी ठरते. दुकानात जाऊन बदलून आणलं. ते त्यांना दिसलं नसतं, तर मी चुकीचं बसवून टाकलं असतं.

ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांतलं तेल-पाणी पुसून काढलं. द्रव दबत नाही, बोल्ट आवळताना ब्लॉक तडकू शकतो. बोल्ट नवे घातले. टॉर्क रेंचने मधून बाहेर, मॅन्युअलमधल्या टप्प्यांत आवळले.

मग टॅपेट. याला एक सोपी युक्ती आहे. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असेल, तर चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असताना एक नंबरचे सेट करायचे, तीनचे हलताना दोनचे. बेरीज नेहमी पाच.

पण मला खरं भेटलं ते शेवटी. रेडिएटरमध्ये टॉर्च मारली, तर नळ्या पांढऱ्या क्षाराने बुजल्या होत्या. बोअरचं पाणी! आमच्याकडचं पाणी जड आहे, ते उकळलं की क्षार मागे राहतो. थर बसला की उष्णता बाहेर पडत नाही, इंजिन तापतं, हेड वाकतं, गॅस्केट जातं. म्हणजे गॅस्केट हे कारण नव्हतंच, तो परिणाम होता. नुसतं गॅस्केट बदललं असतं, तर सहा महिन्यांत पुन्हा हेच.

आण्णा माझ्या मागे उभे होते. हळूच म्हणाले, "म्हणजे मीच घालवली की गाडी." मला काय बोलावं कळेना. ऑफिसमध्ये सर्व्हर पडला की आम्ही म्हणतो, माणूस शोधू नका, कारण शोधा. तेच त्यांना माझ्या भाषेत सांगायला गेलो असतो, तर भाषण झालं असतं. मी एवढंच म्हणालो, "आण्णा, कूलंट कुणी आपल्याला सांगितलंच नाही. आणि भोकं तुम्ही मोजलीत, मी नाही."

रेडिएटर खोलून साफ करून घेतला, थर्मोस्टॅट बदलला, तयार कूलंट भरलं, ऑइल आणि फिल्टर नवा. हातपंपाने डिझेलमधली हवा काढली. इंजेक्टरचे नट सैल करून स्टार्टर मारताना हात लांब ठेवा, ती धार कातडीत घुसते. नट आवळले. चावी आण्णांनी फिरवली. चौथ्या वेळी इंजिन धडधडलं. दोघंही काही बोललो नाही, नुसते काट्याकडे बघत बसलो. काटा मधोमध येऊन थांबला.

एकूण खर्च एकोणीस हजार, त्यात टॉर्क रेंच धरून.

पहिली खेप गेल्या मंगळवारी गेली. रात्री आण्णांचा फोन आला. ते म्हणाले, "काटा हलला नाही." मग जरा थांबून, "ते लाल पाणी कुठल्या दुकानात मिळतं, नाव पाठव."

तुमच्या घरी गाडी असेल, तर आज एक काम करा. इंजिन थंड असताना झाकण उघडून आत काय भरलंय ते बघा, आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!