पर्जन्यछायेतील तीन दिवस

वाळवंट पाहावयाचे तर जेसलमेरास जावे, उंटावर बसावे आणि वाळूत मावळता सूर्य पाहून परत यावे, असा पुण्याच्या सुशिक्षित कुटुंबांतून एक समज रूढ आहे. वस्तुतः दिवे घाट चढून आग्नेयेस निघाले की तीन तासांच्या अंतरावर रखरखीत माळांचा एक मुलूख पसरलेला आहे. भूगोलाच्या काटेकोर व्याख्येने त्यास वाळवंट म्हणता येणार नाही. वर्षास २५० मिलिमीटरांहून कमी पाऊस पडतो तेच खरे वाळवंट. आणि माणदेशात सरासरीने त्याच्या सुमारे दुप्पट पाऊस पडतो. परंतु तो कधी पडेल, कोठे पडेल आणि पडेल की नाही, याची शाश्वती नसते. नैर्ऋत्येकडून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर आपले दान रिते करतात. महाबळेश्वरी वर्षाकाठी ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. डोंगर उतरताना वारा तापतो, कोरडा होतो, आणि पूर्वेकडील गावांच्या वाट्यास डोंगराची केवळ छाया येते. यासच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

या मुलखाची एक सफर पुण्याच्या एका वयस्क दांपत्याने चैत्राच्या आरंभी केली. गृहस्थ हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. बाई रत्नागिरीच्या बाजूच्या, म्हणजे मुसळधार पावसात वाढलेल्या. गृहस्थांचा बेत राजस्थानचा होता. बाईंचे म्हणणे असे पडले की, "अहो, आपल्या पेठेतली निम्मी घरे ज्यांनी बांधली ती माणसे ज्या गावांहून आली, ती गावे तरी आधी पाहू या." गृहस्थांचे उत्तर ठरलेले असे. तिकडे पाहण्यासारखे काही असते तर माणसे तेथून उठून पुण्यास आली असती कशाला? दुष्काळ हा पावसाचा खरा, पण त्याहून अधिक उद्योगाच्या अभावाचा, असे त्यांचे पक्के मत होते. आपल्या शहरातील पुष्कळांचे तेच मत असते. म्हणून या प्रवासाची हकीकत सांगण्याजोगी वाटते.

सासवडास पहिला मुक्काम न्याहारीपुरता झाला. कऱ्हेकाठचे हे गाव सोपानदेवांच्या समाधीने पुनीत झालेले. आसपासच्या पुरंदर तालुक्यात अंजीर आणि सीताफळ पिकते. दोन्ही फळांना कोरडी हवा मानवते. जेथे ऊस जगणार नाही तेथे काय जगेल, याचा विचार करून शेतकऱ्याने ही बाग उभी केली. बाईंनी सीताफळाची चौकशी केली, तेव्हा बागवानाने हसून श्रावण-भाद्रपदात येण्यास सांगितले. आणि जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली. चैत्रात येथून भुतोजीबुवांची, म्हणजे तेल्या भुत्याची कावड निघते आणि कऱ्हेचे पाणी खांद्यावरून शिखर शिंगणापुरास शंभू महादेवाच्या डोक्यावर घालावयास नेते. कावड नुकतीच पुढे गेली होती. "नदी आटली तरी कावड रिकामी जात न्हाई," असे तो म्हणाला. गृहस्थांनी ते ऐकून सोडून दिले.

पुढे जेजुरी. खंडोबाचा भंडारा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु पौष पौर्णिमेस येथे गाढवांचा मोठा बाजार भरतो, हे पुणेकरांपैकी थोड्यांस ठाऊक असते. वैदू, बेलदार, कैकाडी अशा फिरत्या जमातींची कुटुंबे दूरदूरहून देवदर्शनास येतात आणि दात पाहून जनावर पारखून घेतात. घोडा श्रीमंताचा, बैल बागाइतदाराचा. पण काटेरी झुडपांवर गुजराण करून दगड, माती, चुना वाहणारे जनावर म्हणजे गाढव. जेथे चारा नाही तेथे त्याचाच मान. गडाखाली पेशवे तलाव आणि होळकर तलाव आहेत. यात्रा मोठी आणि कऱ्हा लहान, हे ओळखून त्या काळच्या सत्ताधाऱ्यांनी देवापाशी पाण्याचीही तरतूद केली होती.

नीरा ओलांडून लोणंदावरून फलटणास येईपर्यंत रस्ता ज्ञानेश्वरमाउलींच्या पालखीचाच आहे. फलटण हे नाईक निंबाळकरांचे संस्थान, शिवछत्रपतींच्या राणी सईबाई यांचे माहेर. नीरेच्या कालव्याचे पाणी मिळाल्यामुळे फलटणच्या सखल भागात ऊस डोलतो आणि दुष्काळ कोठे असेल असा प्रश्न पडतो. परंतु कालवा सर्वत्र पोहोचत नाही, याची जाणीव ठेवून येथे एक संस्था काम करीत आली आहे. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली स्थापिलेली निंबकर कृषि संशोधन संस्था ती हीच. बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची लहानखुरी मेंढी जुळी कोकरे देते. तिचा तो गुण आपल्या दख्खनी मेंढीत संकराने उतरवून या संस्थेने 'नारी सुवर्णा' ही जात सिद्ध केली. चारा बेताचा, पाणी बेताचे. तेव्हा कळप वाढविण्यापेक्षा एका मेंढीपाठीमागचे उत्पन्न वाढवावे, हा त्यातील विचार. हिशेबी गृहस्थांना ही गोष्ट मात्र मनापासून पटली.

फलटण सोडून दहिवडीची वाट धरली की ऊस मागे पडतो आणि मोगराळ्याचा घाट लागतो. घाट चढताच देखावा पालटतो. काळ्या खडकावर मुरमाचा पातळ थर, त्यावर वाळलेले कुसळी गवत, मधूनच बाभूळ, हिवर, तरवड. एखादा चंडोल आभाळात उभा राहून गातो, आणि त्याच्या गाण्याखेरीज कोठे शब्द नसतो. या घाटातच त्यांची जुनी मोटार तापली. झाकणाखालून वाफ निघू लागली आणि ती रस्त्याच्या कडेस उभी राहिली. बरोबरचे पाणी पिऊन संपत आले होते. तेवढ्यात डोक्यावर घागर आणि कडेवर कळशी घेतलेली एक म्हातारी तेथून चालली होती. काय झाले ते तिने एका दृष्टीत ओळखले. न मागता कळशी खाली ठेवली. इंजिन निवेपर्यंत सारी बाभळीखाली बसली. मग अर्धी कळशी मोटारीस गेली, आणि उरलेल्यातले भांडेभर तिने बाईंपुढे केले. गृहस्थांनी खिशातून नोट काढली. म्हातारी हात मागे घेऊन म्हणाली, "पाण्याचं पैसं कुणी घेतं व्हय, दादा?"

वस्तीवर टँकर चार दिवसांनी येतो, मध्यंतरी दीड कोस चालून विहिरीवर जावे लागते, एवढे बाईंनी बोलता बोलता काढून घेतले. गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढे दहिवडीस पोहोचेपर्यंत ते मनाशी आकडेमोड करीत होते. जेवढ्या पाण्यासाठी ती बाई दीड कोस चालली, तेवढे त्यांच्या घरी दाढी करीपर्यंत नळातून वाहून जाते. हा हिशेब त्यांनी रात्री पत्नीस बोलून दाखविला. तिने एवढेच विचारले, "आणि उद्योगाचा अभाव तो कुणाकडे हो?"

दुसऱ्या दिवशीचा प्रवास खऱ्या माणदेशातून झाला. माण नदी कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते, आणि वर्षाचे बरेच महिने तिच्या पात्रात पाण्याऐवजी वाळूच दिसते. गोंदवल्यास ब्रह्मचैतन्य महाराजांची समाधी आहे. १८९६ च्या दुष्काळात महाराजांनी लोकांना शेतात माती उपसण्याचे काम लावून भाकरी दिली, असे त्यांच्या चरित्रातून सांगितले जाते. फुकट अन्न दिले तर माणसाचा मान जातो, काम दिले तर राहतो, ही समज त्यात आहे. पुढे १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना सुरू केली. तिचे प्रवर्तक वि. स. पागे हेही माणदेशाला लागून असलेल्या तासगाव तालुक्यातील विसापूरचे. मागेल त्याला काम, हा विचार दुष्काळी मातीत रुजावा यात आश्चर्य नाही.

याच माण तालुक्यातील टाकेवाडीच्या लोकांनी उन्हाळ्याच्या भर उन्हात श्रमदान करून डोंगरउतारांवर चर खणले, बांध घातले, आणि २०१८ साली पाणलोटाच्या कामाच्या राज्यव्यापी 'वॉटर कप' स्पर्धेत पहिला क्रमांक मिळविला. मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकात ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. या शर्यतीत प्रत्येक फेरीस पाण्याचा एक खड्डा ओलांडावा लागतो. माणदेशच्या मुलीने पाण्याचा अडथळा उडी मारून पार करावा, हा योग विलक्षणच.

म्हसवडास सिद्धनाथाचे पुरातन मंदिर आहे; आणि तेथेच १९९७ साली श्रीमती चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली माणदेशी महिला सहकारी बँक आहे. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर आहेत म्हणून परवान्यासाठीचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता. त्या स्त्रिया परत येऊन अक्षरे शिकू लागल्या. पुढे अधिकाऱ्यांसमोर त्यांनी सांगितले की व्याजाचा हिशेब आम्हांस तोंडी विचारा, आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्रावाचून तोच करावयास सांगा. परवाना मिळाला. ज्यांनी जन्मभर घागरी मोजून संसार केला, त्यांना व्याज मोजणे अवघड कसे वाटावे? हिशेबखात्यातील आयुष्य घालविलेल्या गृहस्थांनी ही कथा ऐकून टोपी काढून हातात घेतली.

म्हसवडाहून आटपाडी. हा भाग पूर्वी औंध संस्थानात होता. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या अमदानीत, १९३९ साली, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत निघाली. तिला भिंत नव्हती. जन्मठेपेच्या कैद्यांनी कुटुंबासह राहावे, माळ नांगरावा आणि पिकवावे, असा तो प्रयोग. त्यावरूनच सुचलेल्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. कथा लिहिली ती याच मुलखातील ग. दि. माडगूळकरांनी. त्यांचे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांनी माणदेशची माणसे मराठी वाङ्मयात आणली आणि पुढे पुणे आकाशवाणीवर अनेक वर्षे काम केले. जवळच्या विट्याच्या परिसरातून सोने-चांदी गाळण्याचा, म्हणजे गलाईचा, धंदा घेऊन निघालेली माणसे हिंदुस्थानच्या शहराशहरांत पसरली आहेत. शेतात काही पिकेना, तेव्हा त्यांनी मुशीत सोने शुद्ध करण्याची विद्या हस्तगत केली. गाव सोडणे हा नेहमीच आळसाचा पुरावा नसतो. पुष्कळदा तो उद्योगाचाच असतो.

तिसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर शिखर शिंगणापूर लागले. भोसले घराण्याचे हे कुलदैवत. यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होतात हे पाहून शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांनी येथे तलाव बांधविला. त्या दिवशी चैत्र शुद्ध द्वादशी होती. मुंगी घाटाच्या उभ्या कड्यावरून कावडी वर चढत होत्या. वाट अशी अरुंद की माणसांनी एकमेकांचे हात धरून साखळी करावी, आणि त्या साखळीने कावडीला आधार द्यावा. खालून हाक, वरून उत्तर, ऊन डोक्यावर, पाय खडकावर घसरत आहेत, तरी तांब्याच्या भांड्यांतील पाणी सांडू द्यावयाचे नाही. सासवडच्या बागवानाने सांगितलेली कऱ्हेची कावड याच वाटेने वर आली. मोटारीने आलेले ते दांपत्य माथ्यावर उभे राहून पाहत होते. गृहस्थांनी घाटातल्या त्या म्हातारीची कळशी आठवून हात जोडले. ते देवास की कावडीस, हे त्यांनाच ठाऊक.

तात्पर्य, या वाटेवरील गावांचे जे जे वैशिष्ट्य प्रवाशाला विचित्र वाटते, ते पाहू गेले असता पावसाच्या अभावाला माणसांनी दिलेले उत्तर असते. गाढवांचा बाजार, जुळी देणारी मेंढी, बिनभिंतींचा तुरुंग, सोने गाळणारे गाव, घागर मोजणाऱ्या स्त्रियांची बँक, डोंगर चढणारे पाणी, ही सारी त्याच एका प्रश्नाची उत्तरे. आता उपसा सिंचनाने कृष्णेचे पाणी आटपाडीच्या काही भागात पोहोचले आहे, आणि ते आणखी पोहोचेल अशी आशा करावी. परंतु खडकवासला आणि पानशेतच्या पाण्यावर निश्चिंत झोपणाऱ्या शहराने या शेजाऱ्यांविषयी मत बनविण्यापूर्वी एकदा ती वाट चालून पाहावी. पुण्याच्या इमारतींवर विटा वाहणारी माणसे उद्योग शिकावयास येथे येत नाहीत. तो ती घरूनच घेऊन येतात. घरोघरी नळ सोडताना एवढे स्मरण राहिले, तर तीन दिवसांचा प्रवास न करताही त्याचे फळ पदरात पडेल.