जुन्या टेबलाची वाढपगाडी

आज आपण एका साध्या पण कामाच्या वस्तूबद्दल बोलणार आहोत. ती म्हणजे चाकं लावलेली वाढपगाडी.

आपल्यापैकी बऱ्याच जणींचे बचत गट स्वयंपाकाच्या ऑर्डर घेतात. कुठे ग्रामसभेचा चहा-नाश्ता असतो, कुठे बारसं, कुठे प्रशिक्षणाचं जेवण. रांधणं आपल्याला जड जात नाही. जड जातं ते नेणं-आणणं. वरणाचा भरलेला गंज दोघींनी कापडाने धरून न्यायचा, मध्ये पोरं पळतात, फरशी ओली असते. अशा वेळी पाय घसरला तर पायावर उकळतं वरण पडतं. दुखरी कंबर तर आपण हिशेबातच धरत नाही. चाकांची गाडी असली की हाच गंज एक बाई सावकाश ढकलत नेऊ शकते.

नवी स्टीलची गाडी महाग पडते. पण घरात किंवा भंगारवाल्याकडे काय असतं ते आठवा. पूर्वीच्या जाड टीव्हीची ट्रॉली, डगमगणारा टीपॉय, शिलाई मशीनचं टेबल. भिंतीवरचे टीव्ही आले आणि त्या ट्रॉल्या अडगळीत गेल्या. जवळ आहे त्यातून गरज भागवायची ही रीत आपल्या वर्धेला नवी नाही. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ इथेच, मगनवाडीत सुरू झाला. १९३६ साली सेवाग्रामात, म्हणजे तेव्हाच्या शेगावात, आदिनिवास बांधला तोही आसपास मिळणाऱ्या माती-लाकडातून आणि गावच्याच कारागिरांच्या हातून.

आता जुनं सामान निवडायचं कसं? आधी टेबल उलटं करा. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर आत घुण आहे. मातीच्या रेघा दिसल्या तर उधई. असं लाकूड घरात आणू नका. भुशाच्या दाबलेल्या फळीचं सामान पाणी लागलं की फुगतं आणि त्यात स्क्रू धरत नाही. सागवान किंवा लोखंडी सांगाडा मिळाला तर उत्तम.

जुना रंग खरवडताना सांभाळा. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून कोरडं घासू नका. पाणी मारून पाण्याच्या पॉलिश पेपरने घासा, नाकाला मास्क लावा, मुलांना आणि गरोदर बाईला लांब ठेवा. निघालेला चोथा कागदात गुंडाळून टाका, अंगणात किंवा परसबागेत नाही.

नंतर सांगाडा मजबूत करायचा. टेबल एका जागी उभं राहायला बनवलेलं असतं, ढकलायला नाही. ढकललं की जोर आडवा येतो आणि पाय लचकतात. म्हणून सुतारदादांकडून पायांना मागच्या बाजूने तिरपी पट्टी ठोकून घ्या. खाली दोन-दोन पायांना जोडणारी जाड पट्टी लावा आणि चाकं त्या पट्टीवर बसवा. बारीक पायाच्या टोकात स्क्रू मारले तर लाकूड चिरतं.

चाकं घेताना नीट हिशेब करा. समजा गाडी १५ किलोची आणि तिच्यावर ४५ किलो सामान, म्हणजे ६० किलो. याला चाराने नाही, तिनाने भागायचं, कारण खालीवर फरशीवर बरेचदा तीनच चाकं टेकतात. एका चाकावर २० किलो आले. तेव्हा ३० किलो पेलणारं चाक मागा. चाक किमान तीन इंचाचं असू द्या, लहान चाक फरशीच्या फटीत अडकतं. फिरणारी दोन चाकं मूठ असेल त्या बाजूला, आणि त्या दोघांना ब्रेक हवेच. सरळ धावणारी दोन पुढे. चाकांची उंची मोजून तेवढे पाय आधी कापून घ्या.

गाडीचा वरचा भाग आपल्या कमरेइतका, तीस इंचांच्या आसपास ठेवा. रुंदी निदान पंधरा-सोळा इंच हवी, नाहीतर वळताना गाडी कलंडते. कडेने दोन इंच उंच पट्टी लावा, म्हणजे गंज सरकणार नाही. वर पातळ स्टीलचा पत्रा ठोका आणि त्याच्या कडा आत दुमडून घ्या. पुसायला सोपं जातं, वास राहत नाही. मुठीला जुन्या खुर्चीची पाठ किंवा पाइपाचा तुकडा चालतो.

वापरताना काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. जड गंज खालच्या फळीवर, ताटं-वाट्या वर. गंज तोंडापर्यंत भरू नका, झाकण लावा. पेटलेली शेगडी आणि तापलेल्या तेलाची कढई गाडीवर कधीच नाही. थांबलं की ब्रेक. गाडी ढकलायची, ओढायची नाही, म्हणजे पुढचं दिसतं. मातीच्या अंगणात ही गाडी चालत नाही. ती समाजमंदिर, शाळा, सभागृह अशा पक्क्या फरशीसाठी आहे. तरीही कुणाला भाजलंच, तर भाजलेली जागा वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका, आणि दवाखान्यात न्या.

पैशाचंही बोलू. गाडी एकीच्या घरची नको, गटाची हवी. जुनं सामान, चाकं, पत्रा, सुताराची मजुरी, हे सगळं गटाच्या वहीत लिहा. एखादीने आपलं टेबल दिलं तर त्याचीही किंमत लावा, फुकट धरू नका. दुसऱ्या गटाला गाडी दिली तर भाडं घ्या, आणि त्यातून चाकांच्या दुरुस्तीसाठी थोडं बाजूला ठेवा.

पुढच्या बैठकीत इतकंच करा. कुणाकडे काय पडून आहे ते विचारा, ते उलटं करून बघा आणि सुतारदादांना मोजमाप दाखवा. आपल्या हातची भाजी-भाकर लोक आवडीने खातात. ती वाढता वाढता आपला पाय भाजू नये आणि कंबर मोडू नये, याची सोय आपणच करायची आहे.